पंचमीच्या दिवशीची उपटणी

नागपंचमीच्या सकाळी लोणी भापकरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलेल्या कुशाबाईस नेण्यासाठी तिच्या दोन भावांपैकी एकही आलेला नव्हता. आजवर दरवर्षी दोघेही येत असत. थोरला सर्जेराव मोटारसायकल घेऊन येई, धाकटा मल्हार बैलगाडी जुंपून येई, आणि मग कोणाच्या वाहनात बसावे या पेचात पडलेली बहीण पिशवी एकाकडे देऊन स्वतः दुसऱ्याकडे बसे. यंदा थोरल्यास वाटले असावे की धाकटा जाईल, आणि धाकट्यास वाटले असावे की थोरला जाईल. घर दुभंगण्याच्या आधी त्या घरातील अशी लहानसहान कामे राहून जाऊ लागतात.

कुशाबाईने कोणास दोष दिला नाही. आदल्या दिवशी तिने भावाचा उपवास धरला होता, दोघांच्या नावाने एकच, आणि त्या उपवासाचा शीण अद्याप तिच्या पायांत होता. इंदापूर तालुक्यातून पहाटेची गाडी धरून ती आली होती. पिशवी डोक्यावर घेऊन ती ओढ्याच्या कडेने वस्तीकडे चालू लागली. आभाळ खाली उतरलेले होते व भुरभुर चालू होती.

ओढा ओलांडताच तिच्या माहेरचे, रुपनवरांचे रान लागते. तिच्या वडिलांनी, आबाजींनी, मेंढरांचा मोठा कळप मोडून हे रान घेतले, तेव्हापासून ते सलग आहे. मध्ये बांध नाही, केवळ एक पायवाट आहे. गेल्या अक्षय्य तृतीयेस सर्जेरावाने या रानाच्या मधोमध बांध घालून आपल्या हिश्श्यात ऊस लावण्याचा विषय काढला होता. तेव्हा धाकटी सून दिपाली हिने यंदा सगळ्या रानात सोयाबीन करून पाहू असे म्हटले, आणि आबाजींनी तिच्या पारड्यात आपला शब्द टाकला होता. ठरले ते असे, की पीक साधले तर रान एकत्र राहील, आणि न साधले तर पंचमीच्या दुसऱ्या दिवशी बांध पडेल. ही हकीकत कुशाबाईस सासरी कळलेली होती, म्हणून तिची दृष्टी प्रथम पिकाकडे गेली.

पीक गुडघ्याला लागले होते व एकंदरीत काळेभोर होते. तथापि ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक मोकळा तुकडा दिसत होता, आणि तेथून पायवाटेच्या दोन्ही अंगांची झाडे पिवळी पडलेली होती. हळदीने भरलेली बोटे कोणी हिरव्या पानांवर पुसावीत, तसे ते दिसत होते. पिवळेपणाचा तो पट्टा वाटेबरोबर वळत होता, वाटेबरोबर सरळ होत होता, आणि रानाच्या पलीकडच्या टोकाला, जेथे आबाजींनी आपल्या उरलेल्या मोजक्या मेंढरांभोवती जाळीची वाघर लावलेली होती, तेथे जाऊन थांबत होता.

वाघरीजवळ आबाजी घोंगडे पांघरून बसले होते.

“आलीस व्हय,” ते म्हणाले. “कोन आलं न्यायला?”

“कोन न्हाय. पाय हायेत की मला.”

“रान बगितलंस?”

“बगितलं. लई पिवळं पडलंय ओ आबा.” वातावरण हलके करावे म्हणून ती हसून पुढे म्हणाली, “आन् रोग तरी कसा शहाणा बगा. पिकातनं आडवातिडवा शिरला न्हाय. वाट धरून चालत आलाय पाव्हण्यावानी, थेट तुमच्या वाघरीपातूर.”

आबाजी हसले नाहीत. त्यांनी मान वळवून पायवाटेकडे पाहिले आणि बराच वेळ ते तसेच पाहत राहिले. कुशाबाईस वाटले, म्हाताऱ्यास थंडी वाजत असावी. घोंगड्याचे टोक त्यांच्या खांद्यावर नीट करून ती घराकडे गेली.

*

पंचमीच्या दिवशी या घरात चुलीवर तवा चढत नाही, विळीवर काही चिरले जात नाही, जमीन खणली जात नाही आणि रानातले काही उपटले जात नाही. नागाच्या अंगास इजा होईल असे कोणतेही कर्म त्या दिवशी वर्ज्य आहे. म्हणून पातेल्याच्या तोंडाला फडके बांधून त्यावर पुरणाची दिंडे वाफवली जात होती. वाफेच्या एका बाजूस सर्जेरावाची बायको जयवंता बसलेली होती व दुसऱ्या बाजूस दिपाली. मध्ये त्यांच्या सासू, कुशाबाईच्या आई म्हाळसाबाई घड्या घालीत होत्या.

जयवंता म्हणाली, “वन्सं, तुमीच सांगा आता. बियाला आपल्या घरात आजपातूर राखंशिवाय काय चोळलं न्हवतं. हिनं शेतीच्या केंद्रातनं पाकीट आणलं. काळी माती आसल्यागत. आत काय हाय म्हनलं, तर जंतू हायेत म्हणं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळलं. जंतू पेरलं तर रोग न्हाय उगवायचा तर काय लाडू उगवायचं?”

“जाऊबाई, त्ये जंतू निराळं,” दिपाली म्हणाली. हेच वाक्य ती गेला पंधरवडा म्हणत होती आणि ते म्हणण्याचा तिला आता कंटाळा आला होता. “त्ये मुळाला गाठी करत्यात आन् झाडाला खत पुरवत्यात. पिवळं पडतंय त्यो विषाणू. त्यो पांढऱ्या माशीच्या तोंडातनं येतो. आजारी पान चोखून ती चांगल्या पानावर बसली, की झालं.”

“माशी पाकिटात न्हवती कशावरनं?”

कुशाबाई हसली. म्हाळसाबाई हसल्या नाहीत. “सणाचं तोंड आवरा दोघी बी,” त्या म्हणाल्या. “उद्या काय बोलायचं त्ये बोला.”

उद्या. तो शब्द ऐकताच दिपालीचे हात थांबले. उद्या बांध आखण्यासाठी दोरी धरली जाणार होती. बांध पडला तरी तिच्या वाट्याचे रान कमी होणार नव्हते, हे तिला समजत होते. परंतु या घरात यापुढे पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाणार होते, की धाकट्या सुनेने पाकिटातून रोग आणला आणि त्यामुळे रान तुटले. बारावीपर्यंत शिकलेल्या मुलीस सासरी मान मिळतो तो फार पातळ असतो, एकदा फाटला की त्यास टाका घालता येत नाही.

खरी गोष्ट तिला ठाऊक होती. आखाडात ओढ्याच्या कोपऱ्यात पहिली पिवळी झाडे दिसली, तेव्हा केंद्रातील साहेबांच्या सांगण्याप्रमाणे तिने व मल्हारने ती उपटली. साहेबांनी बजावले होते, की उपटलेले झाड जागच्या जागी गोणीत घाला व पुरून टाका, उघडे हिंडवू नका, कारण माश्या पानांखाली बसलेल्या असतात. मल्हार मोटर बंद करण्यास विहिरीवर गेला, दिपाली गोणी आणण्यास घरी गेली. परत येऊन पाहते तो झाडे नाहीत. मामंजींनी भारे बांधून, खांद्यावर टाकून, पायवाटेने भर रानातून वाघरीकडे नेले होते. “हिरवं टाकून देत्यात व्हय पोरी?” ते कौतुकाने म्हणाले होते. “बग कशी खायाल्यात.” आयुष्यभर मेंढरांमागे चाललेल्या माणसाने हिरवी पाने मातीत पुरावीत, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. ती त्या दिवशी गप्प राहिली. त्यानंतर पायवाट पिवळी होऊ लागली.

मल्हार दाराशी आला व हळू आवाजात म्हणाला, “आज बोल. दादा सगळ्यांम्होरं विचारनार हाय. तू न्हाय बोललीस तर मी बोलतो.”

“काय बोलनार? रोग मामंजींच्या खांद्यावरनं गेला म्हनून?”

“खरं हाय त्येच.”

“खरं हाय म्हनूनच नगा.” तिने फडक्याचे टोक सारखे केले. “अक्षय तृतीयेला सगळं घर माझ्या इरोधात हुतं. तुमीसुदिक. त्येंनी एकट्यांनी माझी बाजू घ्येतली.”

मल्हार बैलांना पाणी दाखवण्याच्या निमित्ताने निघून गेला.

*

दुपारी सर्व मंडळी रानाच्या कडेच्या वारुळापाशी गेली. म्हाळसाबाईंनी दूध वाहिले, लाह्या वाहिल्या, बायकांनी हळदीकुंकू वाहून नमस्कार केले. सर्जेराव मागे उभा होता. रात्रपाळी संपवून तो कारखान्यातून थेट आला होता व त्याच्या डोळ्यांखाली काजळी धरल्यासारखे दिसत होते. त्याच्या हातात दोरीचे वेटोळे होते. सणाच्या दिवशी ती आणावयास नको होती हे त्याला कळत होते, परंतु उद्या पुन्हा पाळीवर जावयाचे होते, आणि जे काम करावयाचे ते लक्षात राहावे म्हणून त्याने ती हाती धरली होती.

लोक त्यास लोभी समजत, आणि तेवढा तो नव्हता. वस्तुतः तो थकला होता. वीस वर्षे कारखान्यातील कामावर घर चालले, आणि वीस वर्षे रानातील प्रत्येक निर्णयाचे ओझे त्याच्या गैरहजेरीत त्याच्यावरच पडत आले. पाऊस आला नाही, दादास विचारा. बैल बसला, दादास निरोप धाडा. आपल्या हिश्श्यात ऊस लावला तर निदान तेवढ्या रानापुरते कोणी काही विचारणार नाही, एवढेच त्याला हवे होते.

पूजा आटोपताच तो म्हणाला, “आता सगळी हायेत तवर बोलून घेऊ. मला उद्या दुपारच्याला जायचं हाय. पीक डोळ्यांम्होरं हाय. मी भांडन काढत न्हाय. ठरलं तसं करू एवढंच म्हनतो.”

मल्हार म्हणाला, “सगळं पीक गेलं न्हाय दादा. वाटंच्या कडंचंच गेलंय.”

“आज वाटंचं. दसऱ्यापातूर समदं.”

“उपटलं तर न्हाय जायाचं,” दिपाली म्हणाली. थोरल्या दिरासमोर ती एरवी बोलत नसे. तिने पदर पुढे ओढला, परंतु आवाज खाली आणला नाही. “पिवळी तेवढी आत्ताच्या आत्ता काढली तर बाकीचं वाचंल. आबाळ हाय, भुरभुर हाय, आत्ता माश्या पानाखाली गप बसल्यात. उद्या ऊन पडलं की उडायला लागतील. आन् आज मानसं हायेत दादा. उद्या तुमी कामावर, वन्सं सासरी. आमी दोघं किती उपटनार?”

“आज पंचमी हाय,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“म्हाईत हाय आत्याबाई.”

“म्हाईत आसून बोलतीस?”

जयवंताने संधी सोडली नाही. “उपटून तरी काय उपेग? रोग मुळात हाय. जंतू मुळाला चोळल्यात हिनं.”

“मुळात न्हाय,” दिपाली म्हणाली. “मूळ चांगलं हाय. पान आजारी हाय. एक झाड उपटून बगितलं तरी कळंल. गाठ फोडली आन् आतनं लाल निगाली, म्हंजी माझं जंतू काम करत्यात. पांढरी न्हायतर काळी निगाली, तर जाऊबाई म्हनत्यात त्ये खरं.”

सर्जेरावाने तिच्याकडे पाहिले. हे बोलणे त्यास रास्त वाटले. कारखान्यात साखर तपासल्याशिवाय कोणी चांगली-वाईट म्हणत नाही. “मग दाखव की उपटून.”

“आज न्हाय,” म्हाळसाबाई पुन्हा म्हणाल्या. त्या वारुळासमोर हात जोडून तशाच उभ्या होत्या. “माझ्या डोळ्यांम्होरं न्हाय. आजवर ह्या रानात पंचमीला कुनी काडी उपटली न्हाय. नाग ह्याच वारुळात हाय.”

दिपालीच्या बाजूचा एकमेव पुरावा तिच्या पायाशी, जमिनीखाली चार बोटांवर होता, आणि वर्षातला नेमका तोच एक दिवस होता की त्यास हात लावता येत नव्हता. उद्या उपटून दाखवायचे, तर त्याच्या अगोदरच दोरी धरली जाणार होती.

मल्हार म्हणाला, “मग हे तरी इचारा दादा, की रोग वाटंवाटंनंच का पसरला. पाकिटातला आसता तर समद्या रानात उगवला आसता. आखाडात ह्या वाटंनं…”

“आवो,” दिपाली म्हणाली.

ती एवढेच म्हणाली, आणि मल्हार थांबला. परंतु त्या एका शब्दाबरोबर तिची नजर क्षणभर कोठे गेली, हे कुशाबाईने पाहिले. ती नजर आबाजींकडे गेली होती. सकाळी आपण कोणता विनोद केला आणि म्हातारा का हसला नाही, हे कुशाबाईस त्या क्षणी कळले, आणि तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. रोग वाट धरून चालत आला, असे ती म्हणाली होती. तो चालत आला नव्हता, कोणीतरी त्यास खांद्यावर घेऊन आले होते.

“का थांबलास?” सर्जेराव म्हणाला. “बोल की. आखाडात काय?”

“काय न्हाय,” मल्हार म्हणाला.

“घ्या,” जयवंता म्हणाली. “ह्यांच्यात नुसतं काय न्हाय, काय न्हाय. आन् तिकडं रान पिवळं.”

“वैनी, जरा गप,” कुशाबाई म्हणाली.

नणंदेने आजवर थोरल्या भावजयीचीच बाजू घेतलेली होती. जयवंता चमकून तिच्याकडे पाहू लागली.

*

आबाजी आतापर्यंत काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांना सर्व ऐकू येत होते, परंतु ते ऐकत होते ते निराळेच.

फार वर्षांमागे, हा सर्जेराव पाठुंगळीस असताना, त्यांच्या धनगरवाड्याच्या मेंढरांत देवी आल्या होत्या. मेंढरांच्या अंगावर फोड उठले, डोळे चिकटले. त्या वेळी त्यांच्या बापाने एक रीत शिकवली होती. देवी आलेले मेंढरू आपल्या कळपातून काढायचे, आणि ते हलवताना दुसऱ्याच्या तळावरून न्यायचे नाही. वाट कितीही लांबची पडो, पाय कितीही भरून येवोत, वळसा घालूनच न्यायचे. आबाजींनी ही रीत आयुष्यभर पाळली. एकदा तर आजारी मेंढरू खांद्यावर घेऊन, दुसऱ्या धनगराचा तळ टाळण्यासाठी, ते सबंध डोंगराला वळसा घालून गेले होते. आणि आखाडात त्यांनी आजारी झाडांचे भारे भर पिकातून नेले होते, कारण ती झाडे होती, मेंढरे नव्हती. झाडासही देवी येतात, आणि झाडाचाही तळ असतो, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. सकाळी लेक हसून बोलली तेव्हापासून ते त्या पायवाटेवरून मनात ये-जा करीत होते, आणि प्रत्येक खेपेस खांद्यावर भारा होता.

त्यांनी एकवार धाकट्या सुनेकडे पाहिले. पोरीस ठाऊक होते. तिने पंधरवडाभर बोलणी खाल्ली आणि तोंड उघडले नाही.

ते काठी टेकत पायवाटेवर आले, वाकले, आणि एक पिवळे झाड बुडाशी धरून त्यांनी उपटले. ओली माती सैल होती. झाड सहज आले.

“आवं,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “आवं, आज पंचमी.”

“म्हाईत हाय मला.”

“मग?”

“नागाला म्हनावं आबाजीनं उपटलं. माझं नाव घे म्हनावं, पोरांचं नगं.” त्यांनी झाड दिपालीपुढे धरले. “हे घे. दाव कुठं लाल हाय ती.”

दिपालीने झाड घेतले. मुळाची माती बोटांनी काढताच त्यावर मोहरीहून मोठ्या अशा अनेक गाठी दिसल्या. विळी आज चालत नव्हती, म्हणून तिने एक गाठ नखाने फोडली आणि तळहातावर ठेवून जयवंतापुढे धरली. आतून गाठ लाल होती.

जयवंता वाकून पाहत राहिली. “आगं बया, रगात हाय का काय ह्यात?”

“रगातासारखंच. लाल आसलं म्हंजी जितं हाय.”

जयवंताने आपण होऊन दुसरी गाठ तोडली व फोडली. तीही लाल निघाली. तिने बोट पदरास पुसले आणि ती काही बोलली नाही. ते तिचे मान्य करणेच होते, यापेक्षा अधिक तिच्याकडून कोणी अपेक्षिलेही नव्हते.

सर्जेराव म्हणाला, “बरं, मुळात न्हाय. मग वाटंवर कसा आला?”

“म्या आणला,” आबाजी म्हणाले. “देवी आलेलं मेंढरू दुसऱ्याच्या तळावरनं न्यायाचं न्हाय. आन् म्या भारं ह्या वाटंनं न्हेलं.” ते दुसरे झाड उपटण्यास वाकले. “उभी काय ऱ्हायला? आबाळ फाटलं की माशी उडंल म्हनाली ना ती.”

सर्जेरावाने बापाकडे पाहिले. या माणसाने आपल्या उभ्या आयुष्यात चुकलो असे कधी म्हटलेले त्यास आठवत नव्हते, आणि आताही तो शब्द उच्चारला गेला नव्हता. त्याने दोरीचे वेटोळे खांद्यात अडकवले. “गोण्या कुठं हायेत?”

“पडवीत,” मल्हार म्हणाला. “खताच्या मोकळ्या झालेल्या.”

“आन मग.”

*

पुढे सायंकाळपर्यंत उपटणी चालली. झाड हळू उपटावे, झटकू नये, उपटताच गोणीत घालावे आणि गोणीचे तोंड मुठीत धरून ठेवावे, एवढे दिपालीने एकदा सांगितले. मल्हार व कुशाबाई वाटेच्या एका अंगाने निघाले, दिपाली व आबाजी दुसऱ्या अंगाने. जयवंता थोडा वेळ बाजूस उभी राहिली, मग पदर खोचून नणंदेच्या शेजारी आली. सर्जेराव दिपालीसाठी गोणीचे तोंड पसरून धरीत होता. उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत व पुन्हा उघडत.

“दादा, जावा तुमी, पडा घटकाभर,” दिपाली म्हणाली.

“घाल तू. झोप काय पळून जात न्हाय.”

म्हाळसाबाईंनी एकाही झाडास हात लावला नाही. त्या वारुळापाशी बसून राहिल्या. परंतु पहिली गोणी भरली व तिचे तोंड कशाने आवळावे असा प्रश्न पडला, तेव्हा त्या उठून आल्या. “गाठ मारायला काय बंदी न्हाय,” त्या म्हणाल्या. “दोरी आन इकडं.”

सर्जेरावाने खांद्यावरची दोरी दिली. म्हाळसाबाईंनी गोणीचे तोंड आवळले, गाठ मारली. मल्हारने खिशातून चाकू काढला.

“त्यो ठेव खिशात,” म्हातारी म्हणाली. “उपटलं त्ये उपटलं. आज ह्या घरात काय कापायचं न्हाय.”

“मग दुसरी गोनी कशानं बांधू?”

“हीच फुडं न्हे.”

म्हणून तीच दोरी न कापता दुसऱ्या गोणीस बांधली गेली, आणि पुढे तिसरीस, चौथीस. अखेरीस सर्व गोण्या एका दोरीत ओवल्या गेल्या. तेव्हा लक्षात आले, की त्यांतली कोणतीही गोणी आता एकट्यास उचलून नेता येणार नव्हती.

काम संपले तेव्हा रानाच्या मधोमध, ओढ्यापासून वाघरीपर्यंत, एक उघडा पट्टा पडला होता. सर्जेरावाने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. हिरव्या पिकातून गेलेली ती काळी रेघ अगदी तेथेच पडली होती, जेथे तो दोरी धरणार होता. सर्वांनी ते पाहिले.

“बांध पडला की मग,” शेवटी तोच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता.

कुशाबाई खाली बसली होती. तिने हातावरची माती झाडली नाही. “दोन दारं केलीस तर फुडल्या पंचमीला मी कुठल्या दारात उतरू, त्येवढं सांग दादा. औंदा तर कुनीच फाट्यावर आलं न्हवतं.”

सर्जेरावाने मल्हारकडे पाहिले. “तू गेला न्हाईस?”

“मला वाटलं तू जाशील.”

मग दिपाली म्हणाली, “त्या पट्ट्यात दाट कडवळ टाकलं तर हुईल. उंच वाढलं की माशी आडती. आन् मेंढरांस्नी हिरवी वैरन हुईल. मामंजींना पिकातनं काय न्यायला नगं.”

सर्जेराव उघड्या पट्ट्याकडे पाहत राहिला. त्यास पुन्हा एक निर्णय करावयाचा होता, आणि निर्णय करण्याचे त्याच्या अंगात त्राण उरलेले नव्हते. कदाचित त्यामुळेच त्याने तो सोपा केला.

“औंदा कडवळ टाका,” तो म्हणाला. “उद्या कुदळ लागंल, ह्या गोन्या पुरायला खड्डा काढायचाय. मी पाळी बदलून घेतो.” थोडे थांबून त्याने पुढे म्हटले, “फुडल्या सालाचं फुडल्या साली.”

यापेक्षा मोठे वचन त्या दिवशी कोणी मागितले नाही.

गोण्या ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत न्यावयाच्या होत्या. पायवाटेने ते अंतर थोडके होते. मल्हार सवयीने त्या वाटेवर वळला, तेव्हा आबाजी म्हणाले, “तिकडनं न्हाय. कडंनं.”

मग पहिली गोणी सर्जेरावाने खांद्यावर घेतली, दुसरी मल्हारने, तिसरी जयवंताने, चौथी कुशाबाईने आणि शेवटची दिपालीने, आणि एका दोरीने बांधलेली ती माणसे रानास बाहेरून वळसा घालू लागली. एकाने पाय उचलला की दुसऱ्यास उचलावा लागे, एक थांबला की सारे थांबत. हाती ओझे नसलेले आबाजी काठी टेकत सर्वांच्या पुढे चालत होते.

वाघरीजवळून जाताना मेंढरांना हिरव्या पाल्याचा वास आला. ती जाळीशी गोळा होऊन ओरडू लागली. आबाजी क्षणभर थांबले, आणि मागची सर्व रांग थांबली.

“न्हाय गं बायांनो,” ते मेंढरांना म्हणाले. “हे तुमचं न्हवं.”

आणि ते लांबच्या वाटेने पुढे चालू लागले.